यंत्रावरची छत्री

बबन तात्यांच्या खाकी पिशवीत सहा वस्तू असायच्या आणि त्यांतली एकही सरकारी नव्हती. मऊ झालेल्या जुन्या धोतराचा एक तुकडा, ओलं गोणपाट गुंडाळलेली पाण्याची बाटली, एक चाकू, मीठ-साखरेची पुडी, एक काकडी आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं कोरफडीचं एक जाड पान. मी जमिनी मोजणारा माणूस, त्यामुळे दुसऱ्याची पिशवीही मोजून पाहण्याची मला सवय आहे. सात वर्षं आम्ही बरोबर काम केलं. मी भूकरमापक, ते शिपाई. या सात वर्षांत आकडा सहाच राहिला.

मोजणीचं काम उन्हाळ्यात जास्त असतं. शेतं रिकामी असतात, बांध स्पष्ट दिसतात, पिकाची नासाडी झाली म्हणून कोणी भांडत नाही. त्यामुळे आमच्या खात्याच्या माणसांना मार्चपासून मेअखेरपर्यंत सावली फक्त जेवणापुरती मिळते. आमच्याकडे एक मोठी छत्री होती. आठ काड्यांची, पांढरी, माणसाच्या डोक्याच्या वर दीड हात उंच जाईल अशी. पण ती माणसासाठी नव्हती, यंत्रासाठी होती. पूर्वी मोजणीचा फलक असायचा, त्यावरचा कागद उन्हाने वाकू नये म्हणून छत्री धरत. आता इलेक्ट्रॉनिक यंत्र आलं, तेही तापू द्यायचं नसतं. म्हणून छत्री यंत्रावर आणि छत्री धरणारा उन्हात. नोकरीच्या पहिल्या आठवड्यापासून मी हे बघत आलो आणि त्यात काही चुकीचं आहे असं मला बरीच वर्षं वाटलं नाही.

तात्या जामखेडच्या बाजूचे. उंच, सडपातळ, कानावर पेन्सिल. टोपीखाली ओला पंचा, आणि पूर्ण बाहीचा शर्ट, तोही मनगटाशी बटण लावलेला. मे महिन्यात त्यांना तसं बघून शेतकरी हसायचे.

"तात्या, थंडी वाजती का काय?"

"तुमी उघड्यानं भाजून घ्या. म्या झाकून भाजतो," तात्या म्हणायचे.

सकाळी काम सुरू करताना ते स्वतःच्या सावलीकडे एकदा बघत. सावली आपल्यापेक्षा आखूड झाली की काम आखूड करायचं, हा त्यांचा नियम. मी एकदा घड्याळ लावून सलग नऊ दिवस तो नियम तपासला. सावली माणसाच्या उंचीएवढी होण्याची वेळ रोज साधारण तीच येत होती आणि त्यानंतर ऊन खरोखरच बोचायला लागत होतं. मी तात्यांना तसं सांगितलं. ते म्हणाले, "साहेब, घड्याळ इसरून आला तर सावली हाय. सावली इसरून कसं येनार?"

कोणाची मान, हात, नाक उन्हाने लाल झालं की लोक तात्यांकडे येत. खातेदार येत, पंच येत, एकदा तर समोरच्या पार्टीचा वकील आला. तात्या आधी त्याला लिंबाखाली नाहीतर भिंतीच्या आडोशाला बसवायचे. मग धोतराचा तुकडा माठातल्या पाण्यात भिजवून हलकेच पिळायचा आणि लाल जागेवर ठेवायचा. चोळायचा नाही. तो गरम झाला की पुन्हा भिजवायचा. बर्फ त्यांना चालत नसे. "भाजल्यावर बरफ म्हंजी शिवी दिल्यावर थोबाडीत," असं त्यांचं म्हणणं.

कोरफडीचं सगळं सावकाश चालायचं. पान कापलं की ते उभं धरून त्यातलं पिवळं पाणी पूर्ण निथळू द्यायचं, कारण त्या पाण्यानेच कातडीला खाज सुटते. मग धुवायचं, सोलायचं, आणि आतला गर आधी मनगटाच्या आतल्या बाजूला हरभऱ्याएवढा लावायचा. "चहा हुईपर्यंत थांबा. चुरचुरलं न्हाई तर पुढं." कोणी घाई केली तर पान पुन्हा कागदात जायचं. तेल, तूप, टूथपेस्ट यांतलं काही लावून आलेल्या माणसाला ते आधी साध्या पाण्याने धुवून यायला सांगत. फोड आला असेल तर हात लावत नसत. "ह्यो झाकून ठेवा, फोडू नका. वाढला तर दवाखान्यात दाखवा. म्या डॉक्टर न्हाई, घरचं सांगतो."

हे शेवटचं वाक्य ते प्रत्येकाला सांगायचे.

माझ्या घरी त्यांचा शब्द चालायला लागला तो लिंबामुळे. एकदा माझी मान भाजली होती. माझ्या पत्नीने, सुनंदाने, मोबाईलवर बघून हळद आणि लिंबाचा रस एकत्र करून मानेला लावला आणि मी तसाच दुसऱ्या दिवशी शेतात गेलो. संध्याकाळपर्यंत मानेवर चट्टे उठले. तात्या मला सोडायला घरापर्यंत आले. सुनंदाने चहा ठेवला आणि विचारलं, "तात्या, मी तर चांगलंच लावलं होतं. असं कसं झालं?"

"वहिनी, लिंबू कुटं पिळलं?"

"मानेवर."

"लिंबू पोह्यावर पिळायचं. मानंवर पिळून उन्हात पाठवलं की मानूस पापडागत भाजतंय."

सुनंदा हसली आणि रागावलीही. "मोबाईलवर त्या बाईने सांगितलं होतं."

"ती बाई सावलीत बसून सांगत आसंल."

मला त्यांच्या उपायांचा हिशोब लागत नव्हता, म्हणून एका उन्हाळ्यात मी प्रयोग केला. दोन्ही हात सारखेच लाल झाले होते. उजव्या हातावर नुसती ओली घडी ठेवली, डाव्यावर ओली घडी आणि वर कोरफड. संध्याकाळी आणि दुसऱ्या सकाळी पाहिलं. फरक होता, पण अगदी थोडा. मला वाटलं, तात्यांना हे सांगितलं तर वाईट वाटेल. तरीही सांगितलं, कारण निष्कर्ष लपवणं मला जमत नाही.

तात्या मनापासून हसले. "मग? काम पान्याचंच हाय. कोरफड नुसती मानसाला एका जागी बसवती. नुसतं सावलीत बसा म्हनलं तर कोन बसतंय? औषध लावलंय म्हनलं की अर्धा तास हालत न्हाई."

औषधाची एवढी सरळ तपासणी मी कोणत्याही डॉक्टरकडून ऐकलेली नाही.

आणखी एक गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली. पिशवी उघडण्यापूर्वी तात्या प्रत्येकाला चार प्रश्न विचारायचे. मळमळतंय का? डोकं दुखतंय का? सकाळपासून लघवीला झालं का? थंडी वाजतीय का? बायकांना विचारायचं असेल तर तिथल्या एखाद्या बाईकडून विचारून घेत. लोकांना गंमत वाटायची. एक म्हातारा तर म्हणाला, "तात्या, नाक लाल झालंय नाकाचं बोल, खालची चौकशी कशाला?" सगळे हसले. तात्या हसले नाहीत. उत्तर मिळेपर्यंत ते पिशवीला हात लावत नसत. हे प्रश्न कुठून आले ते मी कधी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

ते मला कळलं त्यांच्या नोकरीचे चार महिने उरले असताना.

दोन चुलतभावांच्या बांधाची मोजणी होती. दत्तोबा अर्जदार, पांडुरंग लगतचा खातेदार. दोघांचंही वय पंचेचाळीसच्या आसपास, दोघांची घरं एकमेकांना दिसतील एवढ्या अंतरावर आणि बोलणं पाच वर्षं बंद. दोन तारखा आधीच फुकट गेल्या होत्या. एकदा पंच आले नाहीत, एकदा यंत्र बिघडलं. ही तिसरी तारीख. माझ्या महिन्याच्या प्रकरणांतली तीन अजून बाकी होती आणि हे एक संपवायचंच असं ठरवून मी गेलो होतो.

साडेअकरापर्यंत हद्दीचा अंदाज आला. ती पांडुरंगच्या ताब्यातल्या जमिनीत साधारण तीन गुंठे सरकणार होती. जमलेल्या माणसांनाही ते कळलं. पांडुरंग सकाळपासून उघड्या डोक्याने प्रत्येक खुणेपाशी धावत होता, वाकून दगड तपासत होता. त्याची मान आणि दंड लालबुंद झाले होते. बारा वाजून गेल्यावर तो बांधावर बसला.

तात्या छत्री धरून माझ्याजवळ उभे होते. ते म्हणाले, "साहेब, थांबू या. सावली पायात आली."

"दोन कोपरे राहिलेत तात्या. अर्ध्या तासाचं काम."

थोड्या वेळाने त्यांनी पुन्हा सांगितलं. मी यंत्रातून डोळा काढला नाही. तिसऱ्यांदा ते म्हणाले, "साहेब, त्या पांडुरंगाकडं बघा."

मी पाहिलं. तो गुडघ्यांत डोकं घालून बसला होता. मी म्हणालो, "भाजलाय उन्हाने. तुम्ही त्याला कोरफड लावा, छत्री मी बघतो. तोवर आपलं होईल."

मी हे असंच म्हणालो. शब्द बदलून लिहिण्यात अर्थ नाही.

तात्या त्याच्यापाशी गेले, खाली बसले. त्यांचे चार प्रश्न मला ऐकू आले. पांडुरंगची उत्तरं मात्र प्रश्नांची नव्हती. तो म्हणत होता, "बैल सोडा... बैल सोडा की." त्याच्याकडे बैल नव्हते. ट्रॅक्टर घेऊन त्याला चार वर्षं झाली होती. ऊन रणरणत असताना त्याचे दात वाजत होते.

दत्तोबा मोठ्याने म्हणाला, "नाटक हाय सगळं! हद्द सरकाया लागली की ह्याला चक्कर आली. मागच्या येळेला बी ह्याचाच पंच आला न्हवता."

तात्या उठले. मला वाटलं पिशवी उघडतील. त्यांनी पिशवी खांद्यावरून काढून बांधावर ठेवली, तशीच बंद. "साहेब, हे पोळलेलं न्हाई. ऊन लागलंय. माझ्या पिशवीत ह्याला औषध न्हाई." मग ते सरळ यंत्रापाशी आले, माझ्या हातातून छत्रीचा दांडा घेतला आणि छत्री घेऊन पांडुरंगकडे गेले. यंत्र भर उन्हात उघडं पडलं. चोवीस वर्षांच्या नोकरीत मी ते पहिल्यांदा पाहत होतो.

पुढच्या काही मिनिटांत सगळे तात्यांच्या हुकमात होते. एकाला छत्री धरायला दिली. पांडुरंगचा शर्ट काढला. जेवढं पाणी होतं ते सगळं त्याच्या डोक्यावर, मानेवर, काखेत ओतायला लावलं आणि दोघांना टॉवेलने वारा घालायला बसवलं. कोणीतरी तांब्या त्याच्या तोंडाला लावायला गेला तर तात्यांनी त्याचा हात धरला. "सुद्द न्हाई त्याला. ठसका लागंल. वरून घाला." आणि मग ते दत्तोबाकडे वळले, कारण तिथे वाहन एकच होतं, त्याचा पिकअप.

"दत्तोबा, गाडी काढा."

"आन् मोजनी? तिसरी तारीख हाय ही."

"बांध हितंच राहनार हाय. भाऊ राहील का, ते सांगता येत न्हाई."

दत्तोबाने एकदा पांडुरंगकडे पाहिलं. मग खिशातून किल्ली काढून पळतच गेला. पिकअप रस्त्यावर होता, शेतापासून चारशे दहा पावलांवर. चौघांनी पांडुरंगला उचललं, तात्या वर छत्री धरून शेजारून चालत होते. पावलं मी मोजली. माझ्या हातात दुसरं काही उरलं नव्हतं.

तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी त्याला लगेच आत घेतलं. दोन-अडीच तासांनी ते बाहेर आले आणि म्हणाले की वेळेत आणलं, अजून तासभर गेला असता तर अवघड होतं. दत्तोबा व्हरांड्याच्या टोकाला भिंतीकडे तोंड करून उभा होता. मी आणि तात्या बाकावर बसलो होतो. तेव्हा मी त्यांना प्रश्नांबद्दल विचारलं.

तात्यांनी सावकाश सांगितलं. "आमी ऊसतोडीला जायचो साहेब. आई, म्या आन् माझा थोरला भाऊ नामदेव. म्या इशीतला आसंन. हंगाम संपायला आठ दिवस हुते. नामदेवची पाठ लाल झाली हुती, उघड्यानं तोडत हुता. आमी म्हनलं, पोळलंय. आईनं ओलं फडकं टाकलं, म्या कोरफड लावली. त्यो म्हनला, थंडी वाजती. तर आमी त्याच्यावर गोधडी घातली."

कंपाउंडर ट्रॉली ढकलत गेला, ती त्यांनी जाऊ दिली.

"गाडी निम्मी भरली हुती. मुकादम म्हनला, गाडी भरा, मग त्याच गाडीवर न्हेऊ. आमाला बी पटलं. किती, अर्ध्या तासाचंच काम हुतं."

अर्धा तास हा शब्द त्यांनी मला टोचून म्हटला नाही. ते माझ्याकडे बघतही नव्हते. त्यांच्या गोष्टीत तो होता, म्हणून त्यांनी सांगितला.

पांडुरंग तिसऱ्या दिवशी घरी गेला. पाचव्या दिवशी ऑफिसात दत्तोबाचा लेखी अर्ज आला. शिपायाने समोरच्या पार्टीशी संगनमत करून, यंत्रावरील छत्री काढून मोजणी मुद्दाम बंद पाडली, सबब चौकशी व्हावी. ज्या माणसाने स्वतः गाडी चालवली त्यानेच हे लिहिलं याचं मला नवल वाटलं. तात्यांना वाटलं नाही. "गावात लोक म्हनले आसतील, पांडुरंगानं तुला येड्यात काढलं. मानूस दवाखान्यात खरा असतो, पारावर गेला की बदलतो."

पण त्यांना ते लागलं होतं. नोकरीत त्यांच्यावर कधी एका ओळीचा ठपका नव्हता आणि आता निघताना, पार्टीला सामील असल्याचा. त्या आठवड्यात त्यांनी पिशवी आणली नाही.

त्यांच्याकडून खुलासा मागवण्यात आला. त्यांनी मला तो लिहून द्यायला सांगितलं. मी सगळं क्रमाने, वेळा टाकून लिहिलं आणि शेवटी आमच्याकडे प्रत्येक खुलाशाच्या शेवटी असतं ते वाक्य टाकलं: यापुढे माझ्याकडून अशी चूक होणार नाही, तरी क्षमा असावी. हे वाक्य मी स्वतः दोनदा लिहून दिलेलं आहे. सगळ्यांनीच दिलेलं असतं. ते असलं की प्रकरण तिथेच मिटतं.

मी वाचून दाखवलं. तात्या म्हणाले, "शेवटचं खोडा."

"तात्या, हे नुसतं लिहायची पद्धत आहे. याला अर्थ नसतो."

"अर्थ नसंल तर लिहायचं कशाला?"

आमचे वरिष्ठ साहेब चांगले माणूस होते. त्यांनी तात्यांना आणि मला केबिनमध्ये बोलावलं, तात्यांना खुर्ची दिली. "अहो तात्या, चार महिने राहिलेत. एक ओळ लिहा, मी फाईल बंद करतो. नाहीतर मला लेखी समज द्यावी लागेल आणि ती तुमच्या सेवापुस्तकात जाईल. शेवटच्या पानावर डाग कशाला?"

"साहेब, उद्या पुन्हा कुनी असा बसला तर म्या पुन्हा छत्री काढनार. मग काढनार न्हाई असं लिहून कसं देऊ?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी बाहेर येऊन माझा स्वतंत्र जबाब लिहिला. त्यात मी लिहिलं की शिपायाने मला काम थांबवण्यास तीन वेळा सांगितले, मी एकदाही थांबवले नाही, आणि त्यास कोरफड लावा असे मी म्हणालो. तीन हा आकडा मी अक्षरी आणि अंकी असा दोन्ही लिहिला. त्यामुळे समज दोघांनाही मिळाली. माझं त्याबद्दल काही म्हणणं नाही.

जूनच्या आत ती मोजणी पुन्हा झाली, दुसऱ्या भूकरमापकाने केली. हद्द माझ्या अंदाजाप्रमाणेच आली. एका फुटाचाही फरक पडला नाही. दत्तोबाला तीन गुंठे मिळाले. पांडुरंग खुणेचे दगड रोवायला स्वतः आला होता, डोक्याला टॉवेल गुंडाळून, असं मला कळलं.

समजेचा कागद आला त्या दुपारी तात्या माझ्या टेबलापाशी आले. पोच म्हणून सही करायची होती. "वाचून दाखवा," म्हणाले. चष्मा त्यांच्या खिशात होता, तरीही. मी वाचलं. "सदर शिपाई यांनी मोजणी चालू असताना वरिष्ठांच्या परवानगीशिवाय यंत्रावरील छत्री काढून ती उन्हाने आजारी पडलेल्या इसमावर धरली, त्यामुळे शासकीय कामात खंड पडला."

"पुन्हा एकदा," तात्या म्हणाले.

मी पुन्हा वाचलं. त्यांनी कानावरची पेन्सिल काढली. मी पेन पुढे केलं, कारण पेन्सिलीची सही चालत नाही. त्यांनी सावकाश, शिरोरेघ देऊन पूर्ण नाव लिहिलं. संगनमताचा शब्द कुठे आहे का, असं विचारलं. नव्हता.

"ह्ये माझ्या पुस्तकात राहनार?"

"हो. कायम."

"राहू द्या," ते म्हणाले. "बत्तीस वर्सं झाली, सरकारनं माझ्याबद्दल येवढं खरं कधी लिवलं न्हवतं."

मग त्यांनी विचारलं, समोरच्या दुकानात याची एक झेरॉक्स काढून आणली तर चालेल का, आईला दाखवायची आहे. आई नव्वदीच्या पुढे होती, तिला वाचता येत नव्हतं. मी कागद त्यांच्या हातात दिला. तो न दुमडता, छातीशी धरून ते ऑफिसच्या पायऱ्या उतरले आणि रस्ता ओलांडून दुकानात गेले.

ते चार महिने संपून तात्या निवृत्त झाले, तेव्हा मी जामखेडच्या एका प्रकरणात बाहेर होतो. त्यामुळे निरोप समारंभाला मी नव्हतो. तात्या म्हटलं की मला अजूनही ते दुपारचे, कागद घेऊन रस्ता ओलांडतानाच दिसतात.